गाडी उकळायची तेव्हा

नागपूरच्या हवामानाच्या नोंदींत दोन टोकं आहेत. मे २०१३ मधल्या एका दुपारी ४७.९ अंश सेल्सिअस आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. मध्ये ४४ अंशांचं अंतर. (मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि त्याचा स्क्रीनशॉट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरला असेल. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. ते सांगणं मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.)

माणूस या ४४ अंशांशी जुळवून घेतो. नवतपा लागला की तोंडाला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही. डिसेंबरात शेकोटीपाशी बसतो. गाडीला यातलं काही जमत नाही. तेच लोखंड, तेच रबर, तेच तेल बारा महिने. तिच्या वतीने हे सगळं दुसऱ्या कुणालातरी करावं लागतं. ते कोण करायचं, काय करायचं आणि ते करणं कधी बंद झालं, हे मी गेलं वर्षभर शोधत होतो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. मिहानमध्ये नोकरी, धंतोलीत घर, मध्ये वर्धा रोड.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करायला हवी, कारण इथल्या उन्हाशी यंत्राचं भांडण मोटारीने सुरू केलेलं नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस वऱ्हाडात, कोळसा जवळ, रेल्वे दारात, सगळं जुळलेलं. पण कोरड्या हवेत सूत तुटतं. मुंबईच्या दमट हवेत न येणारी ही अडचण इथे होती. त्यावर मिलमध्ये हवेत ओलावा सोडणारे ह्युमिडिफायर बसवले गेले. पाणी उडतं तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढ्या एका गोष्टीवर नागपूरने पुढची दीडशे वर्षं काढली. वाळ्याचे पडदे, माठ, लाकडाच्या भुशाचा कूलर हे सगळे त्याच तत्त्वाचे भाऊबंद. आणि छागलसुद्धा.

छागल बघितलेली माणसं आता साठीच्या पुढे आहेत. जाड कॅनव्हासची पिशवी, वर लाकडी किंवा पत्र्याचं तोंड, आत पाणी. ट्रक, जीप, ॲम्बेसेडर अशा कुठल्याही लांबच्या गाडीच्या बंपरला किंवा आरशाच्या दांड्याला ती लटकलेली असायची. कापडातून पाणी पाझरायचं, चालत्या गाडीचा वारा लागायचा आणि आतलं पाणी माठासारखं गार व्हायचं. कोकणात ही पिशवी टांगून फार उपयोग झाला नसता, तिथली हवा आधीच ओली असते. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की कापड पाण्याला थंडच करून सोडतं. त्या पाण्याचे दोन वाटेकरी होते. आधी रेडिएटर, मग माणसं.

रस्त्यांचा इतिहासही नागपुरातून जातो. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते इथे जमले आणि त्यांनी भारताच्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही आज आपण सहज बोलतो ती उतरंड त्या योजनेने पक्की केली. सिव्हिलची मुलं अजूनही परीक्षेत ‘नागपूर प्लॅन’ लिहितात. अभियंते डिसेंबरात आले, मे महिन्यात नाही, यातच त्यांची अभियांत्रिकी दिसते. पुढे उत्तर-दक्षिण जाणारा जुना सात नंबर आणि पूर्व-पश्चिम जाणारा जुना सहा नंबर हे दोन मोठे महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदू लागले. आता त्यांचे नंबर ४४ आणि ५३ आहेत, पण ट्रकवाले आणि माझे वडील अजून सहा-सातच म्हणतात. म्हणजे देशातला लांबचा प्रवास करणाऱ्या गाड्यांचा एक मोठा हिस्सा आपल्या उन्हातून तावून सुलाखून जात होता.

धंतोली तेव्हा बंगल्यांची वस्ती होती. एका बाजूला वर्धा रोड, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ, मध्ये कडुनिंब आणि अंगणं. आज इथे दवाखाने इतके झाले आहेत की रहिवाशांना पार्किंग आणि वाहतुकीच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. पण साठ-सत्तरच्या दशकात गाडी ठेवायला पोर्च होता, झाड होतं, आणि मुळात गाड्याच मोजक्या होत्या. बहुतेक दोनच जातीच्या. १४८९ सीसीची ॲम्बेसेडर आणि १०८९ सीसीची फियाट, जिचं नाव १९७०च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. नाव बदललं तरी लोक फियाटच म्हणत राहिले.

आमच्याकडे फियाट होती. मी तिच्यात बसल्याचं मला आठवत नाही, पण आजोबांची वही आहे. हिशेबाची लाल वही, तिच्यात पेट्रोल, ऑइल, टायर, पंक्चर यांच्या तारखा. वाचताना लक्षात येतं की ही खर्चाची वही नसून पंचांग आहे. होळीनंतर रेडिएटर धुणे, होजपाइप बघणे, फॅनबेल्ट. एप्रिल ते जून दर आठवड्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. मृगाच्या आधी वायपरची रबरं, ब्रेक, डिस्ट्रिब्युटर कॅप. दसऱ्याला ऑइल बदल, ग्रीसिंग, चाकांची अदलाबदल. थंडीत फक्त ‘चोक केबल’. गाडीला चार महिन्यांचा एक असे तीन ऋतू होते आणि प्रत्येकाची वेगळी तयारी.

ही हौस नव्हती. न केल्यास गाडी थांबायची.

ती कशी थांबायची हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या गाडीचा रेडिएटरचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असायचा. इंजिन जोरात फिरलं तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे जेव्हा वारा सगळ्यात जास्त हवा, रेल्वे फाटकावर उभं असताना, नेमकं तेव्हाच तो मंद. रेडिएटरमध्ये बहुधा नळाचं साधं पाणी. ते शंभरच्या आसपास उकळायचं, आणि परतवाड्याहून चिखलदरा चढताना किंवा तळेगावच्या घाटात बॉनेटखालून वाफ यायची. मग गाडी बाजूला, बॉनेट वर, अर्धा तास सावली. घाईने झाकण उघडणाऱ्याचा हात भाजायचा, म्हणून ओलं फडकं टाकून, चेहरा बाजूला करून, हळूच. एक उपाय ऐकून मला हसू आलं होतं, पण तो शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांच्या गाडीला हीटर असे ते मे महिन्यात तो चालू करत. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच; इंजिनाची उष्णता आतल्या माणसांच्या अंगावर सोडून इंजिन वाचवायचं.

दुसरा प्रकार व्हेपर लॉकचा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाशेजारच्या पंपाने ओढून कार्बोरेटरला जायचं. उन्हाने आणि इंजिनाच्या आचेने नळीतच त्याची वाफ व्हायची. पंप द्रव ओढू शकतो, वाफ नाही. गाडी चालता चालता खोकायची आणि बंद. यावरचा इलाज अख्ख्या देशात एकच, पंपावर ओलं फडकं. पुन्हा तेच पाणी, तीच वाफ, तीच उष्णता. एम्प्रेस मिलची युक्ती शेवटी एका चिंधीत आली होती.

आणि पाऊस. डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की ठिणगी हरवायची. वायपर मे महिन्यातच मेलेले असायचे, कारण तीन महिने उन्हात भाजलेलं रबर पहिल्या सरीला काचेवर नुसतं ओरखडे काढतं. (वायपरचं पेटंट १९०३ चं, अमेरिकेतल्या अलाबामातल्या मेरी अँडरसन यांचं. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक हिमवर्षावात काच उघडून बाहेर बघत होता, ते पाहून त्यांना सुचलं. त्यांच्या वायपरला बर्फ पुसायचा होता. आपल्या वायपरला आधी ऊन सोसावं लागतं आणि मग पाणी.) वायपर बंद पडला तर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचा, हा सल्ला जुन्या ड्रायव्हर लोकांकडून अजून मिळतो. बटाट्याने काचेवर थेंब न धरता पातळ पापुद्रा पसरतो, तेवढ्यावर घर गाठायचं.

या सगळ्याचा परिणाम असा की लांबच्या प्रवासाचं वेळापत्रक गाडी ठरवायची. उन्हाळ्यात पहाटे चारला निघायचं, अकराच्या आत पोचायचं किंवा कोंढाळीला झाडाखाली थांबायचं. आजोबांचा ड्रायव्हर म्हणे हमखास म्हणायचा, ‘काहून घाई करून राहिले साहेब, गाडीले बी जीव आहे.’ वहीत नागपूर-अमरावतीला लागलेले तास लिहिले आहेत, आणि मे महिन्यातला आकडा डिसेंबरपेक्षा नेहमी मोठा आहे. त्या जादा वेळात माणसं चहा प्यायची, पाय मोकळे करायची, ड्रायव्हर डोळे मिटायचा. सुरक्षितता हा शब्द त्या वहीत एकदाही नाही. पण दर शंभर किलोमीटरला विश्रांती, प्रत्येक ऋतूआधी ब्रेक आणि टायर बघणं, भर दुपारी गाडी न चालवणं हे आजच्या कुठल्याही सुरक्षा अभियानातले मुद्दे तिच्यात आहेत. ते शहाणपण ड्रायव्हरचं जितकं, तितकंच त्या कच्च्या यंत्राचंही होतं. जुन्या दिवसांचे उमाळे मला येत नाहीत; त्या गाड्यांना सीटबेल्ट नसायचे, ब्रेक दोन पायांनी दाबावे लागायचे, आणि धडक झाली तर स्टिअरिंगचा दांडा छातीत. पण ती गाडी ऋतूला घाबरायची आणि तिची भीती ड्रायव्हरला लागायची, हेही खरं.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० च्या चाव्या दिल्या गेल्या. या गाडीबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण तिच्या रेडिएटरच्या पंख्याबद्दल कुणी लिहीत नाही. तो विजेवर चालायचा. इंजिनाच्या वेगाशी त्याचं देणंघेणं नाही, पाणी तापलं की आपोआप सुरू, गाडी फाटकावर उभी असली तरी. त्यासोबत नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आलं. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून शोधलेलं. आपल्याकडे त्याचा उपयोग उलट्या टोकाला. ग्लायकॉल मिसळलेलं पाणी, वर दाब धरणारं झाकण, म्हणजे उकळणं १२० अंशांच्या पलीकडे ढकललं गेलं. पुढे २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. पंप टाकीच्या आत, पेट्रोल दाबाखाली, वाफ व्हायला वावच नाही. चोक गेला, डिस्ट्रिब्युटर गेला, ओलं फडकं गेलं. मग एसी आला आणि काचा वर गेल्या.

वहीतल्या नोंदी साधारण याच काळात पातळ होतात. फियाट विकली, नवी गाडी आली, आणि पानावर फक्त सर्व्हिसिंगच्या तारखा उरल्या. किलोमीटर मोजून केलेल्या, ऋतू बघून नाही. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. कोचीनच्या गाडीला तेच, शिमल्याच्या गाडीला तेच, नागपूरच्या गाडीलाही तेच. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ऋतू हा इनपुट प्रोग्राममधून काढून टाकला.

आता गाडी उन्हात थांबत नाही. आतमध्ये २२ अंश असतात, बाहेर ४६. काचेपलीकडचं ऊन सिनेमासारखं दिसतं. ऊन मात्र गेलेलं नाही. फक्त ते आता जिथे आपलं लक्ष नसतं तिथे काम करतं.

एक जागा म्हणजे उभी गाडी. बंद काचांच्या गाडीत ऊन शिरतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढलं होतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर उघडी ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. हे आकडे नागपूरच्या ४४ अंशांवर ठेवून बघा. १७ जून २०२३ रोजी पाचपावली भागातल्या फारूक नगरमध्ये तीन लहान मुलं खेळायला म्हणून घराबाहेर पडली आणि परत आली नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांकडे तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. ती आत शिरली होती, दार पुन्हा उघडलं नव्हतं. फियाटच्या काळात रिकामी गाडी म्हणजे मुलांचं खेळघरच असायचं, पण तिच्या काचा सहसा उघड्या असायच्या आणि दारं धड बंदही व्हायची नाहीत. आजची गाडी हवाबंद डबा आहे. धंतोलीत दवाखान्यांपुढे दुपारी ओळीने गाड्या लागतात. बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून आत बसवून जाणारे लोक मी दर उन्हाळ्यात बघतो, आणि आता काचेवर टकटक करायला लाजत नाही. गाडी उभी करताना कुलूप लावायचं ते चोरासाठी, एवढंच आपल्याला माहीत असतं. गल्लीतल्या पोरांसाठीही ते लावायचं असतं.

(काळ्या फिल्मचा विषय निघतोच म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर फिल्म लावायला बंदी घातली तेव्हा नागपुरात बरीच कुरकुर झाली, आणि उन्हाच्या बाजूने बघता ती समजण्यासारखी होती. पण आतलं बाहेरून दिसणं म्हणजे काय, हे फारूक नगरनंतर वेगळं वाटतं.)

दुसरी जागा म्हणजे टायर. इथे आपल्याआधी अमेरिका होरपळली आहे. नव्वदच्या दशकात फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर हायवेवर सुटायला लागले. ट्रेड म्हणजे टायरचा बाहेरचा पट्टा सालीसारखा निघायचा आणि उंच गाडी उलटायची. जास्त घटना टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतल्या. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. मग दोन जुन्या भागीदार कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या. टायरवाले म्हणाले गाडी वाईट, गाडीवाले म्हणाले टायर वाईट. मला त्या भांडणातला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय हवा सांगितली होती, गाडी मऊ चालावी आणि उलटू नये म्हणून. हवा कमी म्हणजे टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, जास्त दबते म्हणजे आत उष्णता, त्यात बाहेरचं ऊन, वर सामान, वर वेग. या प्रकरणानंतर अमेरिकेने कायदा केला आणि तिथल्या नव्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारा सेन्सर सक्तीचा झाला. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह दिसतं ना, ते या प्रकरणातून आलं आहे.

आपल्याकडे मात्र उलटा समज घट्ट बसलाय. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन पॉइंट कमीच ठेव.’ पेट्रोलपंपावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. हवा फुगते हे खरं आहे. मी गणित करून बघितलं. गार टायरमध्ये ३३ पीएसआय भरले, तर नागपूरच्या दोन टोकांच्या तापमानांमध्ये दाबात साधारण ७ पीएसआयचा फरक पडेल. पण गाडी बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा हा गार टायरचा आकडा असतो. चालून तापल्यावर दाब वाढणार हे त्यात धरलेलं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघायचं, सकाळी गाडी चालवण्याआधी हवा भरायची, झालं. तापलेल्या टायरमधून हवा सोडणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचं रक्त काढणं. आणि पंधरा-वीस रुपयांत नायट्रोजन भरणाऱ्यांसाठी एवढंच की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता ही गोष्ट ११ डिसेंबर २०२२ ला आणून ठेवू. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. शिवमडक्यापासून सरळ पश्चिमेला, काँक्रीटचा, सपाट भागात ताशी १२० ची परवानगी. ज्या गाड्या आयुष्यभर वर्धा रोडवर चाळिसाने चालल्या, त्या टायर न बदलता एका दिवसात १२० ने चार तास चालू लागल्या. पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि लोकांनी काँक्रीटला दोष दिला. मग टोलनाक्यांवर टायर तपासणं, चालकांना थांबवून समजावणं असे प्रकार सुरू झाले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ जण जळून गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या अहवालाने ते फेटाळलं. टायर फुटल्याची खूणच सापडली नाही.

मला वाटतं, ‘टायर फुटला’ हे आपल्या काळाचं ‘गाडी उकळली’ आहे. यंत्रावर आणि हवेवर ढकलायला सोयीचं. फरक असा की उकळलेली गाडी सगळ्यांना दिसायची आणि थांबायची. इथे व्हीएनआयटीतल्या संशोधकांनी समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास करून ज्या गोष्टीवर बोट ठेवलं तिला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. सरळ, एकसारखा रस्ता, ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी. डोळे उघडे आणि मेंदू झोपलेला. कोंढाळीचं झाड या रस्त्यावर नाही. गाडी थांबायला सांगत नाही, रस्ता थांबू देत नाही. जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पाही सुरू झाला, म्हणजे आता ७०१ किलोमीटर सलग. माझ्या पिढीला याचं अप्रूप आहे, मलाही आहे. पण दर दोन तासांनी मी मोबाईलला गजर लावतो आणि गजर झाला की पुढच्या सुविधा केंद्रावर उतरतो.

पावसाळ्याबद्दल एक सूत्र सांगतो, कारण ते मला कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी सांगितलं नाही. १९६० च्या दशकात नासाने ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात याचा अभ्यास केला. एका वेगानंतर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही, पाण्यावर तरंगतो. मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हातात असून नसल्यासारखे. तो वेग काढायची रीत सोपी आहे. हवेच्या दाबाचं, पीएसआयमधल्या, वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा. उत्तर ताशी मैलांत. ३२ पीएसआयला ते येतं ताशी ९४ किलोमीटर. २५ पीएसआयला ८३. चांगल्या नक्षीचा टायर पाणी बाहेर फेकतो म्हणून त्याला थोडी जास्त सूट मिळते, १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत घासलेल्याला नाही. म्हणजे जुलैमध्ये रस्त्यावर पाणी साचलेलं असताना ‘१२०’ ही पाटी तुमच्यासाठी लिहिलेली नाही. त्यातही पहिल्या पावसाचे दोन दिवस वाईट, उन्हाळाभर रस्त्यावर बसलेलं तेल, धूळ आणि रबराचा बुक्का पाण्यात कालवून निघतो.

शहरातल्या पावसाची गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी, जिला आम्ही बिनदिक्कत नाला म्हणत आलो, ती पुन्हा नदी झाली. पंचशील चौकातून धंतोलीच्या अंगाने पाणी गेलं. मोरभवनच्या स्थानकात एसटी बस बुडाल्या. सकाळी आमच्या भागात तळघरांतून गाड्यांची छपरं दिसत होती. पाणी ओसरल्यावर एक दृश्य जागोजागी होतं. माणूस सीट पुसतो, देवाचं नाव घेतो आणि स्टार्टर मारतो. इंजिनाचं खरं नुकसान त्या क्षणी होतं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात पुराचं नुकसान धरतात, पण बुडालेली गाडी चालू करून बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं. गंमत म्हणजे फियाट अशा वेळी आपणहून सुरूच झाली नसती. डिस्ट्रिब्युटर ओला, ठिणगी नाही, मिस्त्रीला बोलवा, तो आधी प्लग काढून पाणी बाहेर काढेल. तिच्या दुबळेपणानेच तिचं इंजिन वाचलं असतं.

थंडीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. उन्हाळ्याने पोखरलेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे जीव सोडते आणि लोक थंडीला दोष देतात. धुक्यात पार्किंगचे चारही दिवे लुकलुकवत चालणाऱ्यांमुळे मागच्याला कळत नाही की ही गाडी उभी आहे की वळते आहे. आणि संत्र्याच्या, कापसाच्या गाड्या रात्री बिनदिव्याच्या असतात.

दसऱ्याचं मात्र थांबून बघावं. खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं धुऊन पुसून पूजायची चाल जुनी आहे. पावसाळ्यात घरात पडलेलं लोखंड बाहेर काढायचं, गंज काढायचा, तेल लावायचं, कारण आता मोहिमेवर निघायचं. आजोबांच्या वहीत ऑइल बदल नेमका याच तारखांना पडतो, वर्षानुवर्षं. आता धंतोलीत त्या दिवशी गाडी फोमने धुतात, झेंडूचा हार बॉनेटवर, चाकाखाली लिंबू. गेल्या दसऱ्याला मी हार घालून झाल्यावर टायरपाशी बसलो आणि त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग सवयच लागली. आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचे आकडे मी येता-जाता वाचतो. बहुतेक २१, २२, २३ सालचे. दोन गाड्या अशा की नक्षी कोरी करकरीत, आणि आकडा ३४१४. म्हणजे २०१४ च्या ऑगस्टमधला टायर, फार चालला नाही म्हणून न घासलेला, पण अकरा उन्हाळे खाल्लेला. बाजूला नखाने दाबलं तर बारीक भेगा दिसतात.

डिकीतली स्टेपनी तर कुणी बघतच नाही. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटचा. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू केला आणि रस्त्याचं नाव चाकाला मिळालं. इंग्रज ते विसरले, आपण धरून ठेवलं. २०२० पासून नियमाने सेन्सर आणि पंक्चर किट असलेल्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते, त्यामुळे तीही आता जाईल. शेजारच्या काकांच्या गाडीची स्टेपनी मागच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढली. दहा वर्षांत ती पहिल्यांदाच बाहेर आली होती. हवा ९ पीएसआय होती. काका म्हणाले, चल, चौकात पंक्चरवाला उघडा असेल अजून.